लायसन, पोटापाणी आणि कायद्याचे साहाय्य

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



मंडळाने मला विषय दिला तो वाहन चालविण्याच्या परवान्याचा, म्हणजे आपल्या बोलीत लायसनचा. ते निलंबित होऊ लागले तर काय करावे, वकील कोठे मिळेल आणि त्याला पैसे किती पडतील, एवढेच बोलावे अशी विनंती होती. धम्माच्या व्यासपीठावर आरटीओचा विषय कशाला, असे काही ज्येष्ठांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु आपल्या वस्तीकडे एकदा नजर टाका. ज्याच्या वाट्याला जमीन नाही किंवा असली तरी दोन-चार गुंठ्यांची आहे, त्याच्या मुलाने शाळा सुटल्यावर काय धरले? कोणी ट्रॅक्टरचे स्टिअरिंग धरले, कोणी काळी-पिवळी, कोणी टेम्पो, कोणी पुण्याला जाऊन दुसऱ्याची टॅक्सी. या मुलांच्या दृष्टीने लायसन हाच सातबारा आहे. ते तीन महिने बंद झाले म्हणजे तीन महिने चूल बंद. मग याला सामाजिक प्रश्न म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

आणखी एक कारण आहे. वतनदारीच्या काळात आपल्या पूर्वजांनी सरकारी कागद आणि सरकारी खजिना या गावाहून त्या गावाला पायी वाहिला. कागद आमच्या डोक्यावर असे, पण त्यातले अक्षर वाचण्याची सोय आम्हाला नव्हती. ती सवय इतकी मुरली आहे, की आजही घरी सरकारी शिक्क्याचा लिफाफा आला म्हणजे आम्ही तो न फोडता तसबिरीमागे ठेवून देतो. लायसनच्या बाबतीत माणूस बुडतो तो बहुधा येथेच.

आता मुद्द्याला येतो. लायसन कोण काढून घेऊ शकतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्याप्रमाणे तुम्हाला वाहन चालविण्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार मुख्यतः दोघांना आहे. एक, कलम १९ खाली लायसन देणारा अधिकारी, म्हणजे परिवहन कार्यालय. दुसरे, कलम २० खाली न्यायालय, तेही गुन्हा शाबीत झाल्यावर. तिसरी एक वाट कलम २१ ची आहे. ज्याला धोकादायक वाहन चालविल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेली आहे, त्याच्यावर तशाच चालविण्याने कोणाचा मृत्यू किंवा जबर दुखापत घडविल्याचा गुन्हा पुन्हा नोंद झाला, तर त्याचे लायसन सहा महिने आपोआप निलंबित होते. मधल्या काळात तो निर्दोष सुटला तर तेवढ्यावर. ध्यानात घ्या, पूर्वी शिक्षा झालेली असली तरच. पहिल्याच अपघातात “तुझे लायसन गेले” असे कोणी सांगितले तर ते या कलमात बसत नाही.

या यादीत रस्त्यावरच्या पोलिसाचे नाव नाही. पोलीस काही गुन्ह्यांत लायसन ताब्यात घेऊ शकतो आणि पुढे पाठवू शकतो. निलंबित करू शकत नाही. २०२२ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. वेगमर्यादा ओलांडली म्हणून पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच ९० दिवसांसाठी लायसन निलंबित केले होते. न्यायालयाने स्पष्ट केले, की जप्त करणे वेगळे आणि अपात्र ठरविणे वेगळे. दुसरा अधिकार पोलिसांना नाही. हा निकाल दुसऱ्या राज्यातील असला, तरी कायदा सगळ्या देशाला एकच आहे आणि आपल्या अर्जात तो दाखविता येतो.

पोलिसाने लायसन घेतले तर पावती मागा. ही पावती दोन प्रकारची असते आणि येथे भलेभले फसतात. समन्स टाळून माणूस पळून जाईल या शंकेने कागदपत्रे घेतली तर जी तात्पुरती पोच मिळते, तिच्यावर ठरावीक तारखेपर्यंत वाहन चालविता येते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ ला चौथे पोटकलम जोडले. अतिवेग, धोकादायक चालविणे, दारू पिऊन चालविणे, रस्त्यावर शर्यत लावणे, असुरक्षित वाहन, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणे आणि रुग्णवाहिकेला वाट न देणे, एवढ्या गुन्ह्यांत पोलिसाने लायसन जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवावयाचे आहे. सिग्नल तोडणे आणि चालविताना मोबाईल हातात धरणे हे ‘धोकादायक’मध्येच मोडते. या पोटकलमाखालच्या पोचपावतीवर गाडी चालविता येत नाही. पावती खिशात आहे म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सवारी भरणारा माणूस नवा गुन्हा करीत असतो.

दुसरा सापळा दंडाचा. लोक म्हणतात, “साहेब, आम्ही तर दंड भरून मोकळे झालो.” दंड भरून तडजोड झाली तरी कलम २०० मध्ये आता असे लिहिले आहे, की त्यामुळे लायसनवरील कारवाईतून सुटका होत नाही. शिवाय तोच गुन्हा पुन्हा घडला तर तडजोडीने मिटविलेला आधीचा गुन्हाही मोजला जातो. म्हणून मोबाईलवर ई-चलान आले की डोळे मिटून पैसे भरू नका. गाडी आपली आहे काय, त्या दिवशी ती कोण चालवीत होता, फोटोतला क्रमांक नीट दिसतो काय, हे आधी पाहा. चूक आपली असेल तर भरावेच. पण भरल्यानंतर येणाऱ्या लिफाफ्याचीही वाट पाहा.

तो लिफाफा म्हणजे कारणे दाखवा नोटीस. आज मी जे काही सांगणार आहे त्याचा गाभा येथे आहे. कलम १९ मध्ये अधिकारी धारकाला ‘म्हणणे मांडण्याची संधी’ दिल्याशिवाय आदेश काढू शकत नाही, आणि आदेश काढला तर त्याची कारणे त्याने लेखी नोंदविली पाहिजेत. पोलिसाने २०६(४) खाली पाठविलेल्या लायसनबाबत तर कायद्याने सविस्तर कारणे मागितली आहेत. म्हणणे ऐकून अधिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात. धारकाला मुक्त करणे, किंवा पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरविणे. दुसऱ्यांदा तोच प्रकार झाला तर लायसन रद्द होऊ शकते. मुक्त करण्याची वाट कायद्यात लिहिलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ती मागणारा कोणी हजरच नसेल तर अधिकारी दुसऱ्या वाटेने जाणार, यात नवल कसले?

ऐकून घेण्याच्या या हक्कामागे मोठा इतिहास आहे. १९७७ साली मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने ‘जनहितार्थ’ म्हणून अडकविला आणि कारणे सांगण्यास नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील कार्यपद्धती ही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यावयाचा त्याला ऐकणे हा तिचा भाग आहे. पुढे १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या, ओल्गा टेलिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खटल्यात जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात झोपड्या काही कायमच्या वाचल्या नाहीत, हेही खरे. पण नोटीस दिल्याशिवाय हात लावू नये हे तत्त्व पक्के झाले. दिल्लीच्या एका मोठ्या घरातल्या बाईंच्या पासपोर्टला जो न्याय लागला, तोच साखऱ्याच्या टेम्पोचालकाच्या लायसनला लागतो. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाची हीच तर मौज आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना कळविले, की अतिवेग, सिग्नल तोडणे, जादा भार, मालवाहू गाडीत माणसे भरणे, दारू आणि मोबाईल या गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन निलंबित करावे. तेव्हापासून “वरून आदेश आहे” हे उत्तर ऐकू येते. माझे स्पष्ट मत असे, की समितीचे पत्र कायद्यातील सुनावणी पुसून टाकू शकत नाही. गुन्हा घडला असेल तर तीन महिने. पण तो घडला की नाही, हे ठरविण्यासाठीच तर सुनावणी आहे.

नोटिशीला उत्तर कसे द्यावे? लांबलचक निबंध नको आणि हातापाया पडणेही नको. समजा, एका मुलावर जादा भाराचा ठपका आहे. त्याने विचारावे, गाडीचे वजन कोणत्या काट्यावर झाले आणि वजनाची पावती कोठे आहे? ठपका दारूचा असेल, तर श्वास तपासणीची पावती कोठे आहे आणि तिच्यावर आकडा किती आहे? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य आढळले तर कलम १८५ लागते. वेगाचा असेल तर कॅमेऱ्याचे चित्र, जागा आणि त्या ठिकाणी लावलेली मर्यादेची पाटी. आपल्याविरुद्धचे कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे. कार्यालयाने दिले नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. मात्र त्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत नोटिशीची मुदत घालवू नका. उत्तर दोन प्रतींत करा, एक आवक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेले उत्तर हे दिले नसल्यासारखेच समजा.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती वकीलसुद्धा विसरतात. कायद्यात ‘सर्व किंवा कोणत्याही वर्गाची वाहने’ असे शब्द आहेत. म्हणजे अपात्रता लायसनमधल्या सगळ्या वर्गांना लावलीच पाहिजे असे नाही. आपला मुलगा आठवडी बाजाराला मोटारसायकलवर बिनहेल्मेटचा गेला आणि पकडला गेला. हेल्मेटच्या कलमात दंड आणि तीन महिने अपात्रता अशी दोन्ही आहेत. पण त्याचे पोट चालते ते टेम्पोवर. अशा वेळी उत्तरात स्वच्छ लिहावे, की माझी उपजीविका मालवाहू वाहनावर आहे, त्या वर्गात माझ्याविरुद्ध कधी तक्रार नाही, तरी अपात्रता द्यावयाचीच असल्यास ती दुचाकीच्या वर्गापुरती ठेवावी. सोबत मालकाचे पत्र, घरातील माणसांची संख्या, शिधापत्रिकेची प्रत जोडावी. अधिकारी मान्य करीलच असे मी म्हणत नाही. पण मागितले नाही तर देण्याचा प्रश्नच नाही, आणि मागितलेले नाकारले तर त्याची कारणे त्याला लिहावी लागतात. अपिलात तीच कारणे आपल्या कामास येतात.

मुलगा पुण्याला आणि नोटीस साखऱ्याला, असे आपल्याकडे सर्रास होते. नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर येते. म्हणून आई-वडिलांना माझी विनंती आहे, लिफाफा आला की त्याच दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या आणि मोबाईलवर त्याचा फोटो पुण्याला पाठवा. तारखेला येणे जमत नसेल तर पुढील तारीख मागणारा लेखी अर्ज स्पीड पोस्टाने जाऊ द्या किंवा वकिलाला वकालतनामा द्या. गैरहजर राहून “मला ऐकलेच नाही” ही तक्रार पुढे टिकत नाही.

आदेश विरुद्ध गेला तर तो हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. कोणत्या अधिकाऱ्याकडे, हे परिवहन कार्यालयातच लेखी विचारून घ्या. लिफाफ्यावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा, कारण तीस दिवस आदेश हाती पडल्यापासून मोजावयाचे. अपील अधिकाऱ्याचा निर्णय कायद्याने अंतिम आहे. त्यानंतर राहते ती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढील रिट याचिका. तीन महिन्यांच्या निलंबनासाठी तिथवर जाणे क्वचितच परवडते. न्यायालयाने कलम २० खाली अपात्र ठरविले असेल तर वाट वेगळी, अपील वरच्या न्यायालयात. शिक्षेविरुद्ध अपील नसले तरी अपात्रतेच्या आदेशाविरुद्ध दाद मागता येते.

हे सर्व चालू असताना गाडी चालवू नका. नुसते अपील दाखल केले म्हणून आदेश थांबत नाही; स्थगिती मागावी लागते आणि ती मिळाल्याचा कागद हातात असावा लागतो. आता लायसनची खरी नोंद संगणकावर असते. कार्ड खिशात राहिले म्हणजे लायसन चालू आहे असे नव्हे. सारथी संकेतस्थळावर स्थिती पाहून घ्यावी. अपात्र असताना चालविले तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून भयंकर म्हणजे त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करते, आणि भरपाईची वसुली शेवटी गाडीमालकाच्या घरादारावर येऊ शकते. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा मालक बहुधा चालकच असतो.

आता खर्चाचे. “वकिलाला द्यायला पैसे असते तर लायसनची एवढी काळजी कशाला केली असती,” असे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही. संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आला आणि मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सर्व स्त्रियांनाही नाही. इतर समाजातील गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेत तोच हक्क आहे. आपल्या गावातल्या कोणत्याही जातीच्या चालकाला हे सांगा. हे साहाय्य फक्त कोर्टापुरते नाही. कायद्याच्या व्याख्येत न्यायालयाबरोबर ‘इतर प्राधिकारी’ही येतात, म्हणजे परिवहन अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीसाठी आणि नुसत्या सल्ल्यासाठीही अर्ज करता येतो. “हे काम आमच्याकडे होत नाही” असे कोणी म्हटले तर नम्रपणे व्याख्या दाखवा. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा हिंगोलीच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. दूरध्वनी १५१०० हा आहे.

“आम्ही तर बौद्ध, मग अनुसूचित जातीत कसे?” हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि केंद्राच्या सवलती आपल्याला बंद झाल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या त्या पुढे चालू केल्या, पण केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होण्यास १९९० साल उजाडले. त्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला. म्हणून आज आपण धम्माने बौद्ध असूनही कायद्याने अनुसूचित जातीचे आहोत. मात्र दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असलेल्या घरांनी आजोबा-पणजोबांची १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद आताच शोधून ठेवावी. आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, नंतर परभणीत आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात. जुने अभिलेख शोधावयास परभणीपर्यंत जावे लागले तर कंटाळू नका.

एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याला मंडळाने साहाय्य करावे काय? पंचशीलातील पाचवे शील आपण दर पौर्णिमेला ग्रहण करतो. माझे उत्तर असे, की त्याची सुनावणी कायद्याप्रमाणे व्हावी, त्याला वकील मिळावा, पण त्याच्यासाठी मंडळाने पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन फिरू नये. चिठ्ठीने सुटलेला माणूस पुढच्या वळणावर कोणाचे तरी मूल चिरडतो. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात नेणे हे कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर कायदा ती अडचण मान्य करतो. पण मग सरळ पोलीस ठाणे गाठावे. पळून जाणाऱ्याचे लायसन वाचविणे मला तरी जमणार नाही. आणि विद्यार्थी मित्रहो, अठरा वर्षे होण्यापूर्वी वडिलांची गाडी घेऊन रस्त्यावर जाल तर कलम १९९अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड वडिलांना होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि तुम्हाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही.

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि त्या पाण्याचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून १७ मार्च १९३७ रोजी हाती आला. दहा वर्षे कागद सांभाळले, तारखांना हजर राहिले. आपल्याला तर तीस दिवसच सांभाळावयाचे आहेत.

मंडळाला माझी सूचना एवढीच आहे, की विहारात एक वही ठेवावी. वस्तीत कोणाला परिवहन कार्यालयाची किंवा न्यायालयाची नोटीस आली, कोणत्या तारखेला आली, उत्तराची मुदत कधी संपते, हे दर रविवारी बारावीच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यात लिहावे आणि मुदतीच्या आठ दिवस आधी त्या घरी निरोप द्यावा. अर्जाचा कोरा नमुना मी करून आणला आहे, तो चिटणीसांकडे देतो. झेरॉक्स काढून ठेवाव्यात. आज ज्यांनी नोटिसा सोबत आणल्या असतील त्यांनी लिफाफ्यासकट द्याव्यात, नुसता आतला कागद नको. भोजनानंतर मी येथेच बसणार आहे.

जयभीम! जय भारत!